तीन अंडी

ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळात आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, कोस्मास आणि दामियान नावाचे दोन भाऊ राहत होते. वडील लवकर गेले. आई थिओडोटा हिने दोघांना वाढवले, शिकवले. दोघेही वैद्य झाले. माणसांना तर ते औषध देतच, पण वाटेत लंगडणारे जनावर दिसले तरी थांबत आणि त्यालाही बरे करून पुढे जात.

दोघांनी मिळून एक व्रत घेतले होते. बरे करण्याची विद्या आपल्याला देवाने फुकट दिली, तेव्हा आपणही ती फुकटच वापरायची. कोणाकडून काहीही घ्यायचे नाही. सावकाराने पुढे केलेली नाण्यांची थैली ते परत करत आणि शेतकऱ्याने आणलेले ओंजळभर धान्यही. चांदीला हात न लावणारे वैद्य म्हणून दोघे ओळखले जाऊ लागले. कोस्मासला या व्रताचा मोठा अभिमान होता.

त्याच भागात पॅलाडिया नावाची एक बाई कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होती. सगळे वैद्य झाले, घरातले होते नव्हते ते गेले, पण गुण येईना. शेवटी तिने या भावांना निरोप धाडला. दोघे आले, प्रार्थना केली, उपचार केले आणि पॅलाडिया उठून बसली. काही दिवसांत ती चुलीपाशी वावरू लागली.

भाऊ निघाले. कोस्मास पुढे गेला होता. दामियान उंबरठा ओलांडणार, तोच पॅलाडिया लगबगीने बाहेर आली. तिच्या ओच्यात तीन अंडी होती.

"वैद्यबुवा, एवढी घ्या."

"बाई, आम्ही काही घेत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण मी फी देत नाहीये. तुमच्या कष्टाचं मोल तीन अंड्यांनी फिटेल का?"

"मग राहू द्या ना. तुमच्याच घरात लागतील."

पॅलाडियाचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी फक्त घेतेच आहे. कोणी पाणी दिलं, कोणी भाकर दिली, कोणी कूस बदलायला हात दिला. आज पहिल्यांदा माझ्या हातात कोणाला द्यायला काहीतरी आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं ही तीन. तुम्हाला देवाची शपथ आहे, नाही म्हणू नका."

दामियान क्षणभर घुटमळला. मग त्याने दोन्ही हात पुढे केले.

कोस्मासला हे कळले तेव्हा तो संतापला. "आज तीन अंडी घेतलीस, उद्या तीन नाणी घेशील! इतक्या वर्षांचं व्रत तू दारात उभ्या उभ्या विकलंस." दामियानने समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण कोस्मास ऐकून घेईना. त्याने लोकांना बजावून ठेवले, "मी मेल्यावर याला माझ्याशेजारी पुरू नका."

पुढे कोस्मास वारला आणि काही काळाने दामियानही गेला. लोक त्याचे शव घेऊन निघाले खरे, पण वाटेतच वाद सुरू झाला. जन्मभर बरोबर राहिलेल्या भावांना वेगळे कसे करायचे? पण मेलेल्या माणसाचा शब्द तरी कसा मोडायचा? शव खाली ठेवून सगळे खोळंबले.

तेवढ्यात एक उंट गर्दीतून वाट काढत पुढे आला. या भावांनीच कधीकाळी त्याला बरे केले होते. तो माणसासारखा बोलू लागला, "यांना वेगळं करू नका. दामियाननं मोबदला घेतला नाही. त्या बाईनं देवाच्या नावानं दिलं, म्हणून त्यानं देवाच्या नावानं घेतलं."

लोकांनी कोस्मासच्या शेजारची जमीन खणली आणि दामियानला तिथेच ठेवले.

या भावांच्या नावाने पुढे अनेक ठिकाणी मंदिरे उभी राहिली. त्यातले एक नावाजलेले मंदिर कॉन्स्टँटिनोपलच्या तटाबाहेर, खाडीच्या टोकाला, चढणीवर होते. आजच्या इस्तंबूलमधला एयुपचा परिसर तो हाच. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन इतका आजारी पडला की वैद्यांनी आशा सोडली. या संतांनी दर्शन देऊन त्याला वाचवले, असे त्याच्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. सम्राटाने कृतज्ञतेपोटी तिथले जुने, साधे मंदिर नव्याने भव्य बांधून काढले. वैद्यांनी हात टेकलेले रोगी नावेत बसून खाडीतून तिथे येत. नाव खाडीत शिरली की उंचावरचे मंदिर त्यांना दिसू लागे. रोगी रात्री मंदिरातच झोपत. शनिवारी रात्री जागरण होई आणि मेण-तेलाचे मलम रोग्यांना वाटले जाई.

जन्मभर कोणाचे काही न घेणाऱ्या वैद्यांनी सम्राटाचे एवढे मोठे मंदिर कसे चालवून घेतले, असे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर पॅलाडियाच्या दारात आहे. सम्राटाला भव्य मंदिर बांधावेसे वाटले आणि तिला तीन अंडी द्यावीशी वाटली. देणारे दोघे अगदी वेगवेगळे, पण दोघांची भावना एकच. केवळ घेत राहिलेल्या माणसाची मान खाली असते. त्याच्या हातचे काही आपण घेतले की तो आपल्याकडे सरळ पाहू शकतो. दामियानने पॅलाडियाचा आजार औषधाने बरा केला होता. तिचा मिंधेपणा मात्र त्याने अंडी घेतली तेव्हा गेला.

कोस्मासचेही सगळेच चुकले, असे नाही. उपचाराचे पैसे घ्यायला लागलो की गरिबाला आपले दार बंद होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून तर तो इतका कडक होता. चूक झाली ती एवढीच, की व्रत कोणासाठी घेतले होते याचा त्याला विसर पडला. ते रोग्यांसाठी होते आणि रोग्याच्या डोळ्यांतले पाणी समजून घेण्याऐवजी तो व्रताची काळजी करत बसला.

पूर्वेकडच्या चर्चमध्ये दर वर्षी १ नोव्हेंबरला या दोघांचा सण असतो. त्या दिवशी दोघांची नावे एकत्रच घेतली जातात.

तात्पर्य : मोबदला नाकारणे हा निःस्पृहपणा आहे, पण प्रेमाने दिलेली भेट नाकारणे हा अहंकार असू शकतो. दुसऱ्याला द्यावे, तसे दुसऱ्याचे घेताही यावे.