गांवची स्वस्ताई कोणाच्या माथीं?



आमच्या मंडळ्यांतील जीं तरुण माणसें मुंबई, पुणें, नाशिक अशा शहरांत पोटासाठीं गेलेलीं आहेत, त्यांच्याकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येत असतो. "शहर सोडून बायकामुलांसह गांवीं राहावयास येऊं काय?" हा तो प्रश्न. आणि आम्ही खेड्यांत राहणारे लोक त्यास बहुधा एका वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होतों: "या, येथें सारें स्वस्त आहे." हें उत्तर प्रेमानें दिलेलें असतें यांत शंका नाहीं. परंतु प्रेमानें दिलेलें उत्तर खरें असतेंच असें नाहीं. ज्याच्या शब्दावर दुसरा मनुष्य आपलें बिऱ्हाड मोडणार, त्यानें आपला शब्द तोलून बोलावा हें योग्य. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आज आपण मिळून करूं.

गांवाकडे परतणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला, आणि कोंकणांतील व घाटावरील पुष्कळ माणसें वळकटी बांधून गांवीं परतलीं. पुढें २०२० च्या मार्च महिन्यांत महामारीमुळें टाळेबंदी झाली, तेव्हां तर लोक मुलें खांद्यावर घेऊन पायीं चालत आले. त्या वेळीं निवड करावयास अवकाशच नव्हता. संकटांत सांपडलेल्यास हिशेब विचारूं नये, त्यास दार उघडावें. पण आज जो सवडीनें प्रश्न विचारतो त्यास निवड आहे, आणि जेथें निवड आहे तेथें जबाबदारीही आहे.

प्रथम खर्च पाहूं. समजा, एक मनुष्य शहरांत महिना २०,००० रुपये मिळवितो. त्यांतून ७,००० खोलीच्या भाड्यास जातात, २,००० गाडीभाड्यास, आणि उरलेले ११,००० खाण्यापिण्यांत, मुलांच्या शाळेंत व औषधपाण्यांत संपतात. महिनाअखेर हात रिकामा. तो मनांत म्हणतो, "गांवीं वडिलांचें घर आहे. सात आणि दोन असे नऊ हजार वांचतील, मग अकरा हजारांत सुखानें राहूं." हा हिशेब चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. तेल, साखर, चहा, साबण, तापाची गोळी यांची किंमत खेड्यांत कमी नसते. वडिलांचें घर फुकट मिळतें, पण त्याचे पत्रे फुकट बदलून मिळत नाहींत. शहरांत दवाखाना कोपऱ्यावर होता. येथें तालुक्यास जाण्यायेण्याचें भाडें आणि बुडालेला एका दिवसाचा रोज हीं दोन्ही औषधाच्या किंमतींत मिळवावीं लागतात. शहरांत वांचलेला पैसा अशा रीतीनें पुष्कळदां दुसऱ्या वाटेनें निघून जातो.

दुसरी गोष्ट मिळकतीची. शहरची मिळकत महिन्याची, गांवची हंगामाची. पेरणीच्या वेळीं गेलेला पैसा परत येण्यास दिवाळी उजाडते; मधले महिने दुकानदाराच्या उधारीवर काढावे लागतात. त्यांतून भाव आपल्या हातीं नसतो. ८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हां नाशिक व नगर भागांतील बाजारांत भाव एकाएकीं उतरले, आणि ती बंदी उठण्यास मे २०२४ उजाडला. ज्यानें शेत नीट नांगरलें, वेळेवर खुरपलें, त्याचीही मिळकत दूर कोठें तरी झालेल्या निर्णयानें अशी बुडूं शकते.

"थोडें शेत विकत घेऊं आणि तें कसूं," असेंही कित्येक म्हणतात. त्यांस हें ठाऊक असावें कीं पश्चिम महाराष्ट्रास व कोंकणास लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें, जो मुळांत शेतकरी नाहीं त्यास सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांच्या नांवें एक गुंठाही नव्हता. अशा घरचा मुलगा गांवीं परत येतो तेव्हां तो शेतावर येत नाहीं, दुसऱ्याच्या शेतावरील मजुरीवर येतो. हें त्यास आधीं सांगितलें पाहिजे. मिळकतीचा अंदाज चांगल्या वर्षावरून करूं नये, सरासरीवरूनही करूं नये. गेल्या दहा वर्षांतील सर्वांत वाईट वर्षावरून करावा. त्या वर्षीं आपली चूल रोज पेटली असती काय, एवढेंच स्वतःस विचारावें.

तिसरी गोष्ट धोक्याची. शहर निर्धास्त आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील नोकरी एका सकाळीं जाते हें २०२० सालानें सर्वांस दाखविलें. तथापि दोन्ही धोक्यांत एक भेद आहे. शहरांत एकाची नोकरी गेली तर शेजाऱ्याची बहुधा राहते, म्हणून शेजारी उसनें देऊं शकतो. गांवांत पाऊस चुकला तर तो एकाच्याच शेतावर चुकत नाहीं. ज्याच्या दारीं उसनें मागावयास जावें त्याचीही कणगी रिकामीच असते. १९७२ च्या दुष्काळांत चांगले खातेदार शेतकरीसुद्धां रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास गेले. अशा वेळीं एकटा शेजारधर्म पुरा पडत नाहीं हें तेव्हां सर्वांस कळलें, आणि पुढें १९७७ सालीं आपल्या राज्यानें रोजगार हमीचा कायदा केला. पाण्याचेंही तसेंच. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडींत पांच लाख लिटर पाणी होतें. शहरासाठीं आगगाडी आली. खेड्यांतील बाया टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या राहिल्या.

आजारपणाचा धोका ह्याहून जवळचा आहे. सरकारी प्रमाणाप्रमाणें सपाट मुलुखांत ३०,००० लोकांमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें असें ठरलेलें आहे. म्हणजे कित्येक गांवांस तें कोसांच्या अंतरावरच असणार. पूर्वीं कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें पुष्कळ जीव जात. महाडाजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांच्या उशाशीं रात्री काढल्या, आणि प्राझोसिन नांवाचें औषध वेळेवर दिल्यास रोगी वांचतो हें दाखवून दिलें. विंचू तोच, विष तेंच. पण जाणता मनुष्य जवळ असला म्हणजे प्राण वांचतो. म्हणून धोक्यास नशीब म्हणून सोडून देऊं नये. रात्रीं बारा वाजतां गाडी कोणाची मिळेल, ती कोठवर नेईल, हें येण्यापूर्वीं विचारून ठेवणें हा शहाणपणा आहे.

इतका हिशेब करणाराही एक मोठी रक्कम लिहावयाची विसरतो. ती कोणती, हें आम्हांस एका घरीं कळलें. दोन वर्षांपूर्वीं शहरांतून परतलेल्या एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलों होतों. घरधनी मोठ्या आनंदानें आपली वही घेऊन आला. "पाळकसाहेब, पाहा तर खरें! शहरांत एक पैसा उरत नव्हता. येथें वर्षांत अठ्ठेचाळीस हजार शिल्लक पडले." आम्हीं वही पाहिली, प्रत्येक आणा-पैसा नीट मांडलेला होता. आम्हीं त्याची वाखाणणी केली. इतक्यांत त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो खालीं ठेवून ती हळूच म्हणाली, "साहेब, त्या वहींत पाण्याला पैसा लिहिलेला नाहीं, कारण तें मी आणतें. उन्हाळ्यांत दोन तास जातात. सरपणाला लिहिलेला नाहीं, तेंही मीच आणतें. आणि थोरलीची शाळा सुटली, तिची फी ह्यांनीं शिलकेंत धरली आहे."

घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. गांवची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढचें विद्यालय आठ किलोमीटरांवर, आणि संध्याकाळची एस.टी. बेभरवशाची. म्हणून मुलगी घरीं राहिली होती. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

त्या दिवसापासून आम्हांस असें वाटत आलें आहे कीं, गांवच्या पुष्कळशा स्वस्ताईचें मर्म ह्या बाईच्या बोलण्यांत आहे. खर्च नाहींसा झाला असें आपण म्हणतों, तेव्हां कित्येकदां तो केवळ वहींतून उठून कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसलेला असतो. कधीं तो सुनेच्या डोक्यावरील हंडा होतो, कधीं म्हाताऱ्या आईची न आणलेली गोळी होतो, कधीं मुलीची बंद झालेली शाळा होतो. धोक्याचेंही असेंच आहे. निर्णय एकाचा असतो, आणि त्याची झळ दुसऱ्यास लागते. जो धोका मनुष्य स्वतःच्या अंगावर घेतो त्यास धैर्य म्हणावें. जो तो दुसऱ्यास न विचारतां त्याच्या माथीं मारतो, त्यास धैर्य म्हणतां येत नाहीं. मग निर्णय शहरांत राहण्याचा असो कीं गांवीं जाण्याचा असो.

कोणी म्हणेल, "घरच्या कर्त्यानें ठरवावें अशीच रीत आहे." कर्त्यानें ठरवावें हें ठीक, पण ज्यांच्या वतीनें तो ठरवितो त्यांचें ऐकल्यावांचून तो कर्ता कसला? दुसरा म्हणेल, "इतका हिशेब करणें म्हणजे विश्वासाची उणीव." आमच्या प्रभूनेंच बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत सांगितला, आणि आधीं बसून खर्चाचा अंदाज न करणारा मनुष्य हास्यास पात्र होतो असें त्यांत दाखविलें. नामीची गोष्टही आपण सर्व जाणतों. दुष्काळामुळें तिचें कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबांत गेलें. पति व दोन्ही पुत्र गमावून ती सुनेसह परतली. ती जवाच्या कापणीच्या आरंभीं आली, आणि गरिबांनीं व परक्यांनीं शेतांत सरवा वेंचावा असा नियम तिच्या लोकांत पूर्वींपासून होता. परतणाऱ्यासाठीं गांवानें आपल्या शेताचा कोपरा राखून ठेवलेला होता. एकट्या रूथच्या श्रमांवर तें घर उभें राहिलें नाहीं.

यावरून गांवाचेंही कर्तव्य दिसून येतें. पूर्वीं अहमदनगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या गांवीं पाऊस फार थोडा. लोक काम शोधीत गांव सोडून जात. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं डोंगरावर चर खणले, झाडें राखिलीं, शेतीसाठीं बोअर घेणें बंद केलें, ऊंस व केळीं लावणें सोडलें, आणि दरवर्षीं पावसाच्या पाण्याचा ताळेबंद सर्वांसमक्ष मांडण्याची वहिवाट पाडली. पाणी किती, आणि त्यावर कोणतें पीक घ्यावें, हें सर्वांनीं मिळून ठरविलें. मग गेलेलीं कुटुंबें परत येऊं लागलीं. तेथें धोका एकाच्या डोक्यावर राहिला नाहीं. तो सर्वांनीं वांटून घेतला. असें गांव "या" म्हणतें तेव्हां त्या शब्दास वजन असतें.

तेव्हां, उपदेशक बंधूंनो व मंडळींतील वडील जनहो, शहरांतील कोणी तुम्हांस विचारील तर त्यास घाईनें बोलावूंही नका आणि भेवडावूंही नका. त्यास सांगा कीं, दिवाळीच्या हिरवळींत गांव पाहूं नको, वैशाखांत येऊन एक महिना राहा. शहरची खोली एकदम सोडूं नको. सहा महिन्यांचा दाणागोटा चालेल एवढी पुंजी हातीं असूं दे. आणि निर्णय करण्यापूर्वीं बायकोस, आईबापांस व समजत्या मुलांस एके ठिकाणीं बसवून प्रत्येकास विचार, "ह्यांत तुझ्या वाट्यास काय येणार?" त्यांचीं उत्तरें वहींत लिहून घे. मग तो येईल तर त्याच्या मुलीस शाळेपर्यंत सोबत कोण देईल, टँकर आला तर त्याच्या घरचा हंडा रांगेंत कोण लावील, हें आपण मंडळींत आधीं ठरवूं. जेवढें देण्यास आपण तयार असूं तेवढेंच आश्वासन देऊं.

त्या कुटुंबाकडे आम्ही नुकतेच पुन्हां गेलों होतों. तीं माणसें गांवींच आहेत. घरधन्यानें जुनी सायकल घेतली आहे. पहाटे दोन कॅन लावून तो स्वतः पाणी आणतो, आणि मग मुलीस मागें बसवून मोठ्या रस्त्यावरील एस.टी.पर्यंत पोंचवितो. ती आतां नववींत आहे. संध्याकाळीं गाडी चुकली तर विद्यालयाच्या गांवीं राहणाऱ्या मंडळींतील एका बाईच्या घरीं ती थांबते. वहींत दोन नवीं सदरें घातलेलीं आम्हीं पाहिलीं, आणि वर्षाची शिल्लक पहिल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी झालेली आहे. तो म्हणाला, "साहेब, आकडा लहान झाला." त्याची बायको चुलीपाशीं बसली होती. ती म्हणाली, "पण आतां तो आमच्या सगळ्यांचा आहे."