बंदूक घेणाऱ्याची जबाबदारी



युगांडाच्या ईशान्येला करामोजा हा कोरडा प्रदेश आहे. लोक गुरे पाळून जगतात. एकमेकांची गुरे पळवण्याची चाल तिथे जुनीच. पण १९७९ साली इदी अमीनची सत्ता कोसळली, मोरोटोचे लष्करी कोठार लुटले गेले आणि भाल्याच्या जागी बंदूक आली.

डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बंदुका गोळा करायला सुरुवात केली. बदल्यात नांगर व पत्रे देऊ केले. २००२ मध्ये सक्ती आली. ज्यांनी आधी शस्त्रे दिली, त्यांच्यावरच शेजारी टोळ्या तुटून पडल्या. लष्कराच्या मारहाणीविरुद्ध तक्रार करणारे मिल हिल संघाचे फादर डेक्लन ओटूल त्याच वर्षी मार्चमध्ये सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले.

मग बंदुका गोळा करणे चूक होते का? नाही. घरोघरी बंदूक असेल तर न्याय बलवानाचाच होतो. पण स्वसंरक्षणाचा हक्क सरकारने दिलेला नाही; तो सरकारच्या आधीचा आहे. माणूस तो शासनाच्या हाती सोपवतो, तो रक्षणाच्या भरवशावर. तो भरवसा पाळता येत नसेल, तर शस्त्र काढून घेणे म्हणजे दुर्बलाला उघड्यावर सोडणे. म्हणून पहारा आधी हवा, आणि शस्त्रे दोन्ही बाजूंची एकाच वेळी उतरायला हवीत. २०२१ मध्ये सरकारला मोहीम पुन्हा हाती घ्यावी लागली.

आपणही भांडणात समजूतदार माणसालाच "तू गप्प बस" असे सांगतो. सांगावे जरूर, मात्र त्यानंतर त्याच्या बाजूला उभे राहणे हे आपले काम आहे.