पडदा आणि पर्दापोशी

आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा, मगरिबच्या नमाजनंतर, आम्ही चित्रपट दाखवतो. भिंतीला पांढरी चादर, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, पुढे सतरंजी, मागे खुर्च्या. इशाच्या जमातीसाठी मधेच पंधरा मिनिटे थांबायचे. तीस-चाळीस माणसे जमतात. निम्मी आमच्या मोहल्ल्यातली, निम्मी शेजारच्या आळ्यांतली.

यात आम्ही नवे असे काही करीत नाही. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. धंद्याच्या थिएटरात जे लागत नाही ते चार माणसांनी एकत्र बसून पाहावे आणि मग त्यावर बोलावे, एवढीच ती कल्पना. आमच्याकडे ती उशिरा आणि लहान रूपात पोहोचली, इतकेच.

एका महिन्यात आम्ही सईद मिर्झा यांचा 'सलीम लंगडे पे मत रो' (१९८९) लावला. मुंबईच्या मुसलमान वस्तीतला सलीम चोरीमारी, दादागिरी करतो. बहिणीसाठी स्थळ म्हणून आलेल्या शिकलेल्या अस्लमच्या संगतीने त्याला स्वतःच्या जिण्याची लाज वाटू लागते, पण सुधारण्याआधीच तो मारला जातो. दिवे लागले तेव्हा सगळे गप्प होते. मग मोहल्ल्यातले एक वयस्कर चाचा उठले आणि म्हणाले, "पोरांनो, पिक्चर खोटा नाही. पण हे आपण आपल्यात बघावं. दुसऱ्यांपुढे आपलं घर उघडं करून काय मिळवलंत?"

चाचांना मागासलेले ठरवून मोकळे होणे सोपे होते. आम्हाला ते जमले नाही, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. एखादा गुन्हेगार बहुसंख्य समाजातला असला की तो एकटा गुन्हेगार असतो. आपल्यातला असला की सबंध कौम आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. भाड्याने खोली शोधताना नुसते नाव सांगितल्यावर आलेला नकार आमच्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. अशा दिवसांत सलीमची कहाणी म्हणजे आपल्याविरुद्ध आपणच दिलेला पुरावा ठरणार नाही का?

शिवाय दीनच आम्हाला पर्दापोशी शिकवतो. दुसऱ्याचे ऐब झाका, गीबत करू नका, ही ताकीद लहानपणापासून कानावर आहे. पण त्याच कुरआनात सूरह निसाच्या १३५व्या आयतीत न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध किंवा आईबापांविरुद्ध जात असली तरी द्या, असा आदेश आहे. मग झाकायचे कधी आणि बोलायचे कधी?

त्यानंतरच्या महिन्यात आम्ही असगर फरहादी यांचा इराणी चित्रपट 'अ सेपरेशन' (२०११) दाखवला. नादिर हा शिकलेला, बापाची मनापासून सेवा करणारा माणूस. त्याने घराबाहेर ढकलल्यामुळे रझिया या गरीब मोलकरणीचा गर्भ पडला, असा खटला उभा राहतो. ती गरोदर आहे हे आपल्याला माहीतच नव्हते, असे नादिर खोटे सांगतो. त्याला वाचवायला त्याची कोवळी मुलगी न्यायाधीशापुढे खोटे बोलते. शेवटी पैशांवर तडजोड ठरते, तेव्हा नादिर रझियाला म्हणतो, कुरआनावर हात ठेवून सांग की दोष माझाच होता. तिला ते सांगता येत नाही. आदल्या दिवशी तिला मोटारीचा धक्का लागलेला असतो. नवरा कर्जात बुडालेला आहे, देणेकरी समोरच बसले आहेत, आणि तरीही तिचा हात पुढे होत नाही.

या चित्रपटात आपल्या माणसांना सांभाळण्यासाठी जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी लपवतो. प्रत्येकाचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या लपवण्याचा भार कोण वाहते? ती मुलगी. बाप वाचतो, पण खोटे बोलल्यावर परतीच्या गाडीत रडते ती.

यावरून आमच्या मनात एक फरक स्पष्ट झाला. झाकायचे ते एखाद्या माणसाचे ऐब, त्याला सुधारायला सवड मिळावी म्हणून. जुलूम मात्र ऐबात मोडत नाही. ज्याच्यावर तो झाला त्याचा हक त्यात अडकलेला असतो, आणि दुसऱ्याच्या हकावर पडदा टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. शाळेतून काढलेली मुलगी, एका दमात तलाक ऐकून माहेरी परतलेली बहीण, चुकीच्या संगतीला लागलेला पोरगा यांच्याबद्दल कौमच्या इज्जतीसाठी गप्प राहायचे, तर त्या इज्जतीची किंमत आपल्यातल्याच दुबळ्यांनी मोजायची असा त्याचा अर्थ होतो. चित्रपट तर कुणा शेजाऱ्याचे नाव घेत नाही, त्यामुळे ती गीबतही होत नाही.

पण साक्ष पुरी द्यायची असते. नुसता सलीम दाखवून थांबलो तर आम्हीही अर्धेच खरे बोललो असे होईल. म्हणून पुढच्या खेपेला आम्ही एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' लावला. १९७३ मध्ये तयार झालेला हा चित्रपट दंगल पेटेल या भीतीने सेन्सॉरने कित्येक महिने अडवला होता. फाळणीनंतर आग्र्यातला जोडे बनवणारा सलीम मिर्झा एकेक नातलग स्टेशनवर पोहोचवून येतो. त्याला कर्ज मिळत नाही, भाड्याने घर सहजासहजी मिळत नाही. वाडा सुटल्यावर कासावीस झालेल्या म्हाताऱ्या आईला शेवटच्या घटकेला त्याच वाड्यात उचलून नेतात आणि तिथेच तिचा प्राण जातो.

त्या दिवशीही आमच्या माडीवर कुणी बोलेना. मग शेजारच्या आळीतले एक निवृत्त शिक्षक चाचांकडे वळून म्हणाले, "माझी वरची खोली चार वर्षं रिकामी आहे. तुमच्या पुतण्याला मी नाही म्हटलं होतं." चाचांनी मान हलवली. "माहीत होतं मला," एवढेच ते म्हणाले.

खोली पुतण्याला मिळाली का? नाही, तोवर त्याने दुसरीकडे सोय केली होती. त्या एका वाक्याने गावातले काही बदलले असेही आम्ही म्हणणार नाही. मात्र ते चारचौघांत बोलले गेले, आणि आम्ही आपले घर आधी उघडे केले नसते तर शेजाऱ्याने त्याचे केले असते का, याची आम्हाला शंका आहे. चाचा आता दर महिन्याला येतात. कुठला चित्रपट लावणार, हे मात्र आधी विचारून घेतात.