जनुकांची कात्री आणि अल्लाहची अमानत



जुमाच्या नमाजनंतर एका पित्याने मला विचारले, “मौलाना, माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आता म्हणे माणसाची जनुकेच दुरुस्त करता येतात. हे अल्लाहच्या कामात ढवळाढवळ करणे तर नव्हे?” हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कुणाच्याही दारी येऊ शकतो, म्हणून त्याचा विचार आजच करू या.

पेशीतील जनुके नेमक्या जागी कापणारे ‘क्रिस्पर’ हे तंत्र २०१२ मध्ये जगासमोर आले. त्याबद्दल एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या तंत्रावर आधारलेल्या उपचाराला सिकलसेल व थॅलेसेमिया या आजारांसाठी मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकांत बदल करतात व त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडतात.

याच तंत्राचा दुसरा उपयोगही जगाने पाहिला. २०१८ मध्ये चीनच्या हे ज्यानक्वे या शास्त्रज्ञाने गर्भाच्या प्रारंभिक अवस्थेतच जनुके बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. पुढे त्याला तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. कात्री एकच होती. मग एका कामाला मान्यता आणि दुसऱ्याला शिक्षा का?

पहिल्या उदाहरणात दुःख भोगणारा जीव समोर आहे. उपचाराचा धोका तो स्वतः किंवा त्याचे पालक समजून-उमजून पत्करतात आणि झालेला बदल त्याच्यापुरताच राहतो. दुसऱ्या उदाहरणात ज्याच्यावर प्रयोग होतो तो अजून जन्मलाच नाही. चूक झाली तर ती त्याच्या मुलाबाळांच्या रक्तातही उतरते. त्यांची संमती कोण देणार?

सूरह निसामध्ये अल्लाहच्या निर्मितीत फेरफार घडवण्याचा मनसुबा सैतानाच्या तोंडी आला आहे. त्याचा आधार घेऊन काहीजण प्रत्येक नव्या उपचाराला हराम ठरवू पाहतात. परंतु औषधोपचार करावा का, असे विचारणाऱ्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यासच सांगितले. १९९८ मध्ये मक्केतील फिकह अकादमीनेही आजार रोखण्यासाठी व बरा करण्यासाठी जनुकशास्त्राचा उपयोग अटींसह मान्य केला. माणसाच्या व्यक्तिमत्त्वाशी खेळण्यास मात्र मनाई केली. प्राण व वंश यांचे रक्षण ही शरीअतची उद्दिष्टे आहेत. म्हणून त्या पित्याला मी सांगितले, “उपचार शोधणे ही ढवळाढवळ नव्हे. मूल ही अमानत आहे आणि अमानतीची काळजी घेणे हे कर्तव्य आहे.”

पण अमानतीचा दुसराही अर्थ आहे. उद्या रंग, उंची वा बुद्धी निवडून मूल ‘मागवता’ येऊ लागले, तर ते अमानत न राहता आपण पसंत केलेली वस्तू होईल. वस्तू मनासारखी निघाली नाही तर माणूस ती परत करतो. मुलाचे काय करणार? आणि जी संतती अशी निवडून आलेली नसेल, तिच्याकडे समाज कोणत्या नजरेने पाहील?

न्यायाचा प्रश्न तर आजच उभा आहे. अमेरिकेत या उपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या विदर्भात व नंदुरबारमध्ये सिकलसेलने पिडलेल्या आदिवासी कुटुंबांपर्यंत तो कधी पोहोचणार? जे ज्ञान केवळ धनवंताच्याच उशाशी बसते, त्याचा हिशेब अल्लाहपुढे द्यावा लागेल.

तोवर आपल्या हाती काहीच नाही, असे समजू नका. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, त्यामुळे तपासणीवाचून हे कळत नाही. चुलत-मामे भावंडांत निकाह जायज आहे, बंधनकारक नाही. आणि जेथे नाते जवळचे, तेथे ही शक्यता वाढते. म्हणून मंगनी ठरण्याआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या. यात तवक्कुलला बाधा येत नाही. उंट बांधूनच अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तर आपल्याला लहानपणापासून मिळालेली शिकवण आहे.

अल्लाह आजारी लेकरांना शिफा देवो आणि आपल्याला ज्ञानासोबत त्याची मर्यादा ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.