पत्रिका जुळत नाही

सल्ला ही चीज आमच्या बँकेच्या काउंटरवर दोरीला बांधलेल्या पेनासारखी असते. देणारा फुकट देतो, घेणारा घाईघाईनं वापरतो, आणि कागदावर बहुधा काहीच उमटत नाही. बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी एवढंच शिकलो, की मागितल्याशिवाय सल्ला देऊ नये आणि मागितलाच, तर 'साहेबांना विचारा' म्हणून मोकळं व्हावं.

पण गेल्या ऑगस्टात सकाळी सहा वाजता अमेरिकेहून भाचीचा फोन आला आणि तिथे कुठल्या साहेबाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

"मामा, उद्यापासून रश आहे. मला जाम टेन्शन आलंय."

रश म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आठ सतराची फास्ट उभी राहिली. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "बॅग पोटाशी धर आणि दारात उभी राहू नकोस."

पुढे अर्धा तास तिनं मला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की सल्ला अगदीच चुकला नव्हता. भानगड दाराचीच होती.

भाचीनं दक्षिणेकडच्या एका अवाढव्य विद्यापीठात नाव घातलं आहे. तिथे मुलींच्या 'सोरॉरिटी' असतात. सोरॉरिटी म्हणजे सरळ मराठीत भगिनीमंडळ. हा शब्द एका लॅटिनच्या प्राध्यापकानं सुचवला. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण, आणि आपल्या संस्कृतातली 'स्वसृ' ही तिची सख्खी नातेवाईक, असं भाषेचे जाणकार सांगतात. आमच्या कॉलनीतही भगिनीमंडळ आहे. त्यात शिरायला दोनच अटी आहेत : मंगळागौरीला फुगडी घालता यावी आणि वर्गणी वेळेवर द्यावी. दुसरी अट गेली काही वर्षं शिथिल आहे. पहिली आता गुडघ्यांमुळे शिथिल होत आली आहे.

अमेरिकेतलं काम एवढं ढिलं नाही. तिथल्या मंडळांना ग्रीक अक्षरांची नावं, पांढऱ्या खांबांची वाड्यासारखी घरं आणि हजारो डॉलर्सची वार्षिक वर्गणी. १९०२ साली या मंडळांनी एक मध्यवर्ती परिषद काढली, तिच्यात आता देशभरची सव्वीस मंडळं आहेत. कॉलेजचे वर्ग सुरू व्हायच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, नव्या मुली ठेवणीतले कपडे घालून घरोघर फिरतात. याला आता अधिकृतपणे 'रिक्रूटमेंट' म्हणतात, पण तोंडात रशच बसलाय. प्रत्येक घरात पंधरा-वीस मिनिटं गप्पा. मग घरवाल्या मुलींना मार्क देणार, मुली घरांना क्रम लावणार, आणि दुसऱ्या दिवशी यादी आखूड होणार. असं होत होत शेवटी एक-दोन घरं उरतात. मग मुलगी एका करारावर सही करते, कॉम्प्युटर दोन्हीकडच्या याद्या जुळवतो, आणि 'बिड डे'ला बंद पाकिटं हातात पडतात. सही केल्यावर जे घर वाट्याला आलं ते नको म्हटलं, तर पुढच्या वर्षीच्या हंगामापर्यंत त्या विद्यापीठातल्या या सव्वीसांपैकी कुणाचंच दार उघडत नाही.

'बिड' म्हणजे बोली. आमच्या बँकेत बोली लागते ती तारण सोन्याच्या लिलावात. पण तिथेही सोन्याला कुणी 'स्वतःबद्दल दोन शब्द बोल' म्हणत नाही.

"आणि मामा, त्या कोणालाच माझं नाव नीट म्हणता येणार नाही. वीस मिनिटांत मी काय बोलू? त्यांनी मला ड्रॉप केलं तर?"

एवढं ऐकल्यावर माझ्या नाकाशी थेट फोडणीचा वास आला. कारण हा सगळा प्रकार मी एकदा पाहिला होता. त्या वेळी उमेदवार होती या मुलीची आई, म्हणजे माझी ताई. साल १९९६-९७. मी अकरावी-बारावीत, आणि माझ्याकडे पाण्याच्या ग्लासांचं तबक पुढे करण्याचं खातं होतं. सात वेळा मी ते तबक पुढे केलं. ताई एम.एस्सी.ला रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात आलेली, पण सातही वेळा तिला विचारलं गेलं ते पोहे तूच केलेस का म्हणून. पोहे आईनं केलेले असत. आठवडाभरानं पोस्टकार्ड येई : 'पत्रिका जुळत नाही.' एका स्थळाकडून हे कार्ड आलं तेव्हा आमची पत्रिका आमच्याच कपाटात होती. द्यायची राहून गेली होती.

त्या दिवशी घरात सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मग ती भांडी घासायला गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

तेव्हा भाचीला मी माझा पहिला सल्ला दिला, आणि तो मला आजही पक्का वाटतो. म्हटलं, हे बघ, आम्ही बँकवाले कर्ज नाकारतो तेव्हा आधी पगाराचा दाखला, जामीनदार, जुन्या हप्त्यांची नोंद, सगळं तपासतो. एवढं करूनही आमची कर्जं बुडतातच. मग ज्यांनी वीस मिनिटांत तुझा ड्रेस पाहिला, हसू पाहिलं आणि कुत्री आवडतात की मांजरं हे विचारलं, त्यांचा नकार म्हणजे तुझ्याविषयीचा निकाल कसा होईल? त्यांच्याकडे कागदपत्रंच नाहीत! तो नकार तुला नाहीच, तो त्या वीस मिनिटांना आहे.

भाची खूश झाली. मीही खूश झालो. फोन ठेवणार, एवढ्यात ती म्हणाली, "आणि त्यांनी मला घेतलं तर?"

"मग काय, उत्तमच."

"पण मामा, त्यांच्याकडे कागदपत्रं तेव्हाही नसणार ना?"

बी.कॉम.ला तर्कशास्त्र नसतं, हे मला तेव्हा फार जाणवलं. पोरगी बरोबर बोलत होती. जो तराजू नकाराच्या वेळी खोटा, तो होकाराच्या वेळी खरा कसा? आपण सगळे मात्र नेमकं हेच करतो. बढती हुकली की कमिटी नालायक, मिळाली की गुणांची कदर झाली. नकार न लागण्याची किंमत एकच आहे : होकारही अंगाला लावून घ्यायचा नाही. आणि ती किंमत मोजायला माणूस सहसा तयार होत नाही. मीही झालो नव्हतो.

ते मी तिला सांगितलं नाही. इथे सांगतो.

ताईला आठव्या खेपेला आमच्या भावजींनी पसंत केलं आणि १९९८ साली ती अमेरिकेला गेली. पुढे सातेक वर्षांनी अस्मादिकांची बोहल्यावर चढण्याची तयारी सुरू झाली. आता मी सोफ्यावर होतो आणि तबक समोरून येत होतं. तिसऱ्या की चौथ्या घरी तबक घेऊन आला तो मुलीचा धाकटा भाऊ. असेल सोळा-सतराचा. हात थरथरला आणि थोडं पाणी माझ्या पँटवर सांडलं. मुलगी अगदी कमी बोलली. मला बोलकी हवी होती. (नंतर मिळाली. त्याविषयी तक्रार करायची आता संधीच मिळत नाही.) घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय कळवू त्यांना?" मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा."

इतकं सहज म्हणालो! सात पोस्टकार्डं वाचून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तोच मी. सोफ्याला नक्कीच काहीतरी असावं. एरवी बरा असलेला माणूस त्यावर बसला की परीक्षक होतो.

आता यात माझं चुकलं काय? नकार दिला हे चुकलं नाही. सगळ्या मुलींशी लग्न करता येत नाही. कायदा आडवा येतो. निवडणं हेही पाप नाही. भाचीनंच मला सुनावलं होतं, "घरात जागा किती असते मामा! सगळ्यांना कसं घेणार?" आणि तिशी-पस्तिशीच्या हजारांत लोटलेल्या पोरीला जेवताना शेजारी बसायला कुणीतरी हवं असतं, हेही खरंच. चुकलं ते एवढंच, की मला त्या मुलीविषयी वीस मिनिटांपलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि ते कबूल करण्याऐवजी मी ग्रहांना साक्षीला बोलावलं. दाराआडचा माणूस स्वतः 'नाही' म्हणत नाही. तो पत्रिकेला म्हणायला लावतो, नियमाला लावतो, कॉम्प्युटरला लावतो.

आणि या मंडळांचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. १८७० साली इंडियानातल्या एका कॉलेजात चार मुलींनी 'कॅपा अल्फा थीटा' काढली, कारण तिथल्या मुलग्यांच्या मंडळांत त्यांना सभासद करून घेत नव्हते. म्हणजे दार बंद दिसलं म्हणून यांनी स्वतःचं घर बांधलं, आणि त्या घराला दार बसवलं. ते दार पुढे काळ्या मुलींना बंद दिसलं. त्यांनी १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात आपलं 'अल्फा कॅपा अल्फा' काढलं. १९९८ साली टेक्सासात ऑस्टिनला आपल्याकडच्या वंशाच्या मुलींनी 'कॅपा फाय गॅमा' काढलं. प्रत्येक घराला पुन्हा दार आहेच.

१९६३ साली अलाबामा विद्यापीठात दोन काळे विद्यार्थी प्रवेशाला आले, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः जाऊन दारात आडवे उभे राहिले. त्यांना हटवायला केंद्र सरकारला नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. त्याच विद्यापीठात बरोबर पन्नास वर्षांनी, २०१३ साली, 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं छापलं, की एका हुशार काळ्या मुलीला मंडळांनी घेतलं नाही, आणि मंडळातल्या काही मुलींना ती हवी असतानाही जुन्या सभासद बायकांनी मोडता घातला. हे बाहेर फुटलं ते आतल्याच मुली बोलल्या म्हणून. बोभाटा झाला, पुन्हा बोली काढाव्या लागल्या आणि काही काळ्या मुली आत आल्या. मला त्या बोलणाऱ्या मुलींचं फार कौतुक वाटतं. बाहेर उभं राहून दार ठोठावायला धीर लागतोच. पण आत पंखा चालू असताना उठून दार उघडायला जरा जास्त लागतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आपणहून फोन केला आणि मामाच्या नात्यानं उरलेला सल्ला देऊन टाकला. चालून पाय दुखणार नाहीत अशा चपला घाल. न्याहारी करून नीघ. सही करण्याआधी वर्षाची वर्गणी किती, दंड कशाकशाचा, हे विचार. लाजू नकोस, आमच्याकडे लोक कर्जाचा कागद न वाचता सही करतात आणि मग मला शिव्या देतात. एकाच घरावर जीव ठेवू नकोस. कुठलं घर 'वरचं' नि कुठलं 'खालचं' हे दुसऱ्यांकडून ऐकू नकोस. आपल्याशी त्या कशा बोलतात हे बघूच नकोस, ते गोडच असणार. त्यांच्यातली जी कुणी कोपऱ्यात गप्प बसली असेल तिच्याशी बाकीच्या कशा बोलतात ते बघ. तुझं नाव चुकीचं म्हटलं तर हसून दुरुस्त कर, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदाही चुकलं तर घर कळलं.

"आणि एक," मी म्हणालो, "पुढच्या वर्षी दाराच्या आत तू असशील. मार्क तू देशील. तेव्हा 'नाही' म्हणायचं झालं, तर निदान तिचं नाव नीट पाठ करून म्हण."

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ओके मामा." ताईसुद्धा अशीच 'बरं' म्हणायची, ऐकलं की नाही ते कधी कळायचं नाही.

'बिड डे' झाला त्या दिवशी मीच न राहवून फोन लावला. तिला दुसऱ्या पसंतीचं घर मिळालं होतं. मी अभिनंदन केलं. मागे गाणी, आरडाओरडा ऐकू येईल अशी माझी कल्पना. पण सगळं शांत.

"तू आहेस कुठे?"

"रूमवर. अरे, माझ्या रूममेटला एकही घर नाही मिळालं. ती सकाळपासून बेडवरून उठली नाहीये."

"आणि तुमचे ते फोटोबिटो?"

"मामा, फोटोत इतक्या जणी आहेत, त्यात मी नाही हे कुणाला कळणारे? जाईन संध्याकाळी." मग आवाज खाली करून म्हणाली, "आम्ही पोहे खातोय. मी केलेत, मायक्रोवेव्हमध्ये. शेंगदाणे कच्चे राहिले."

"तिनं खाल्ले?"

"दोनदा घेतले."

पत्रिका विचारली होतीस का, असं विचारणार होतो. पण म्हटलं, सकाळच्या वेळी उगीच पेन पुढे करू नये.