लेकरांच्या अभ्यासाचा कोपरा



दीक्षेच्या दिवशी आपण घरातला देव्हारा काढला. त्या भिंतीवर आता तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आहे, आणि सायंकाळी सर्व कुटुंब तिच्यासमोर त्रिशरण-पंचशील म्हणते. हे उत्तमच झाले. परंतु त्याच घरात दुसरा एक कोपरा असतो, जिथे आपली लेकरे अभ्यासाला बसतात. कुठे टेबल असतो, कुठे पत्र्याची पेटी, कुठे नुसता पाट. त्याच्याकडे आपण कधी पाहतो काय?

मेहकर, चिखली, लोणारकडच्या खेड्यांत सुगीच्या दिवसांत जाऊन पाहावे. सोयाबीनची पोती आली, वेचलेला कापूस आला, की पहिली गदा त्या कोपऱ्यावर येते. वह्यांवर पोते, पोत्यावर कपडे, टेबलावर तंबाखूची डबी, विळा, आणि (सांगताना अंगावर काटा येतो) फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली. लेकरू शाळेत निघताना गणिताची वही शोधते, ती सापडत नाही, आणि बोलणी खाते. घरीही आणि शाळेतही.

आपण म्हणाल, घर एवढेसे, जागा आणावी कुठून? खरे आहे. परंतु मुंबईत परळच्या चाळीत रामजी सुभेदार आणि भीमराव राहत, तीही एकच खोली होती. स्वयंपाक तिथेच, जळण तिथेच, जाते तिथेच आणि एक शेळीसुद्धा तिथेच. दोघांना एका वेळी नीट आडवे होण्यापुरती जागा नव्हती. म्हणून भीमराव लवकर झोपत व रामजीबाबा जागे राहत. रात्री दोनला मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि मग स्वतः त्या जागेवर अंग टाकीत. ती जागा मोठी नव्हती. पण तेवढ्या वेळेपुरती ती अभ्यासाची होती, दुसऱ्या कशाची नव्हती. हे बापाने ठरविले होते.

यात धम्म कुठे आला, असे कोणी विचारील. विनयपिटक उघडून पाहा. संघाची खाट किंवा बाक भिक्खूने उघड्यावर काढला, आणि जाताना उचलून ठेवला नाही, ठेवविला नाही किंवा कोणाला सांगितलेही नाही, तर त्याला पाचित्तिय दोष लागतो. चीवराची घडी घालताना काठ चार बोटे सरकवावा, म्हणजे रोज एकाच ठिकाणी मोड पडून कापड मधोमध विरत नाही. भिक्षापात्र खाटेखाली ठेवायचे तर एका हातात पात्र धरून दुसऱ्या हाताने खालची जागा आधी चाचपावी. मातीचे पात्र, फुटले तर दुसरे मागावे लागणार! ज्यांनी घरदार सोडले त्यांच्यासाठी इतके बारीक नियम का असावेत? कारण वस्तू ठेवताना मन ठेवण्यात असले पाहिजे. सम्यक स्मृतीचा अभ्यास डोळे मिटूनच होतो असे नाही. आणि दुसरे असे की ती वस्तू कोणाच्या तरी कष्टाची असते. आपल्या मुलाची वही कोणाच्या कष्टाची आहे? आईने कापूस वेचला, तेव्हा ती आली.

पूर्वी दसऱ्याला पाटी-पुस्तकाला हळदकुंकू लावीत आणि दुसऱ्या दिवशी तीच पाटी पायाखाली येई. काही घरांत दीक्षेनंतरही हे चालू आहे, लाजत-लाजत. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याला पुस्तकाची पूजा करायची नाही. पुस्तक जागेवर ठेवायचे आहे, त्याला वाळवी लागू द्यायची नाही. पूजेपेक्षा हे काम अवघड आहे, कारण ते रोज करावे लागते.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या घरी, शरीर थकलेले असताना, त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे नानकचंद रत्तूंकडून उशाजवळच्या टेबलावर मागवून घेतली. सकाळी ते नव्हते. ग्रंथ १९५७ साली निघाला. इतर कागद मात्र वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिले. १९७९ पासून शासनाने त्यांच्या वाङ्मयाचे खंड काढले. वसंत मून यांनी पुढे ते कागद जुळविले, तेव्हा कित्येक हस्तलिखिते अपुरी निघाली, काहींची मधली पानेच नव्हती. ती पाने आता कोणाला लिहिता येणार?

आपल्या घरातले कागदही असेच जातात. आपल्यापैकी बहुतेकांना जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा हे सर्व आढ्याला खोचलेल्या पिशवीत असते. वर पत्रा गळतो, खाली उंदीर. मग मुलीचा प्रवेश अडतो आणि आपण तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसतो.

येत्या पौर्णिमेला वंदनेपूर्वी तो कोपरा लेकरांना सोबत घेऊन रिकामा करा. वह्या एकीकडे, पुस्तके एकीकडे, पेन्सिलींना एक डबा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स नातलगाकडे. पोती दुसऱ्या भिंतीला लावा; थोडी अडचण होईल, होऊ द्या. फवारणीच्या बाटलीसाठी मात्र पौर्णिमेची वाट पाहू नका. ती आजच, दिवे लागण्यापूर्वी, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा.