लेकराला खरं सांगावं का?

2016 च्या पावसाळ्यात नातवाला ताप आला. सहा वर्षांचं लेकरू. सोयाबीनची खुरपणी चालू होती, म्हणून आठ दिवस आम्ही गोळ्यांवरच काढले. ताप जायचा, परत यायचा. पाय दुखतेत म्हणायचा. कुठं लागलेलं नसताना अंगावर निळे डाग उमटायचे. खेळताना पडला असंल, असं आम्ही धरून चाललो. नांदेडला रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रक्ताचा कॅन्सर आहे, मुंबईला टाटात न्या म्हणाले.

मी, सून आणि नातू भोकरहून नंदिग्राम एक्सप्रेसनं निघालो. पोरगा मागं थांबला. जनावरं, शेत सोडून सगळ्यांनीच कसं जावं? परळचा हा दवाखाना 1941 सालचा. देशभरातली माणसं तिथं फाईल छातीशी धरून बसलेली असतात. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा मिळाली.

उपचार दोन-अडीच वर्षांचा होता. पहिले काही महिने फार कठीण. काही औषधं सलाईनमधून, काही पाठीच्या मणक्यातून, कारण मेंदूच्या भोवती आजार दडून बसू नये. मणक्यातल्या सुईसाठी लेकराला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन गच्च धरावं लागतं. पहिल्या वेळी त्यानं विचारलं, "आबा, दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही रे राजा, मुंगी चावल्यावाणी."

तो ओरडला ते अजून माझ्या कानात आहे. त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोललाच नाही. भात भरवायला गेलो तर तोंड फिरवायचा. शेवटी म्हणाला, "तुमी खोटं बोललाव."

बैलाला पेंड दाखवून पत्र्या ठोकायला नेलं, तर दुसऱ्या वेळी तो पेंडीलाही जवळ येत नाही. हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. नातवाजवळ कसं विसरलो कोणास ठाऊक.

पुढच्या वेळी एका सिस्टरनं त्याला सांगितलं, "दुखणार. दहा आकडे मोजेपर्यंत दुखणार. तू हलला नाहीस तर लवकर होईल." त्यानं दहा आकडे मोजले. रडला, पण हलला नाही. मग मीही खरं सांगायला लागलो. केस गळणार, परत येणार. तोंडात फोड येतील. त्याच्या औषधातलं एक, विनक्रिस्टीन, सदाफुलीपासून निघतं, हे कळल्यावर तेही सांगितलं. आमच्या अंगणात तुळशीजवळ सदाफुली आहे, जनावर तिला तोंड लावत नाही. तो सलाईनच्या नळीकडं बघून म्हणायचा, "आपल्या फुलाचं आलं."

पण खरी परीक्षा पुढं होती. शेजारच्या खाटेवर यवतमाळकडचा एक पोरगा होता. दोघं मिळून कागदाचे ट्रॅक्टर करायचे. एका सकाळी ती खाट रिकामी होती. सून मला व्हरांड्यात घेऊन म्हणाली, "मामा, गावाकडं गेला म्हणून सांगा. एवढ्याशा जिवावर कशाला ओझं?" तिचं काय चुकलं? आईच ती.

नातवानं मलाच विचारलं. मी म्हणालो, "वारला तो, बाळा." बराच वेळ गप्प राहून त्यानं विचारलं, "मी पण मरणार का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतेत, तुझं औषध लागू पडायलंय. हे खरं हाय. आन मी इथंच हाय, हेही खरं हाय." तो माझा अंगठा धरून झोपला. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी बरोबर केलं का? अजून पक्कं सांगता येत नाही. एवढंच कळतं, की आजारी लेकराला आधीच पुष्कळ कळालेलं असतं. आपण खोटं बोललो तर त्याची भीती जात नाही, फक्त ती सांगायला त्याच्याजवळ माणूस उरत नाही. म्हणून ते विचारंल तेवढंच सांगावं, पण सांगावं ते खरं. अन् सांगून उठून जाऊ नये, जवळ बसावं. पाऊस पडंल असा शब्द कोणी कुणब्याला देऊ नये. पेरायला सोबत येतो, एवढा द्यावा.

नातवाचं औषध आम्ही मधे एकदाही सोडलं नाही. घरी आल्यावर गोळ्या, तपासण्या, सगळं पूर्ण केलं. ही लेकरं वेळेवर आणि पुरत्या औषधानं बहुतेक बरी होतात, हे मी आता गावात सगळ्यांना सांगतो. तो आज माझ्यापेक्षा उंच झालाय.

मागच्या दिवाळीला सुनेनंच विषय काढला. म्हणाली, "मामा, त्या दिवशी मी असते तर खोटंच सांगितलं असतं." मी म्हणालो, "तू आई हाईस." नातू अंगणात बसून ऐकत होता. म्हणाला, "मला खाट बघूनच कळालं होतं. आबा काय म्हणतेत ते बघायचं होतं."